विंगेतली फिरकी आणि शिडीवरचं पोरगं

दिवाळी उरकली की आमच्याकडं राज्य नाट्य स्पर्धेचं वारं सुटतं. नांदेड, परभणी, लातूर, छत्रपती संभाजीनगर, जिथं केंद्र असेल तिथं तालमीच्या जागा भरून जातात आणि त्याबरोबर एक वाद पण ठरलेला असतो की बॅकस्टेजला, म्हणजे पडद्यामागच्या कामाला, आलेल्या नव्या पोरांची जी काय फिरकी घेतात ती बंद करायची का नाही. एक पार्टी म्हणते हे सरळ सरळ रॅगिंग आहे, कॉलेजात बंद झालं तसं इथं पण झालं पाहिजे. दुसरी पार्टी म्हणजे बहुतेक आमच्या वयाची, पोटं सुटलेली, हातात चहाचा ग्लास धरून सांगणारी की अहो आम्ही बी ह्यातूनच गेलो, काय वाकडं झालं आमचं? वयानं आणि पोटानं मी ह्या दुसऱ्या पार्टीतला. पण त्यांचं मला पटत नाही आणि पहिल्यांचं पण पूर्ण पटत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

माझं म्हणणं असं आहे की फिरकी राहावी, पण ती घ्यायचा हक्क त्यालाच, ज्यानं त्या पोराला काम शिकवलंय. काम न शिकवता नुसती टांग खेचणारा माणूस फुकटच्या हमालाची मजा बघतोय बाकी काही नाही, आणि खरं सांगू का, आपल्याकडं हल्ली हा दुसरा प्रकारच जास्त झालाय. आता हे नीट सांगायचं तर फिरकी म्हणजे नक्की काय ते आधी सांगावं लागेल, कारण प्रेक्षकात बसणाऱ्याला विंगेत काय चालतं ह्याचा पत्ता नसतो.

सगळ्यात जुनी फिरकी मिठाची. डिमर म्हणजे दिव्याचा उजेड कमीजास्त करायचं यंत्र, त्यात आता मीठबीठ काही नसतं. नवं पोरगं आलं, लाईटच्या बाजूला हात बांधून उभं राहिलं की कुणीतरी सिनिअर कपाळाला आठ्या घालून म्हणतो, "आरं, डिमरमधलं मीठ संपलंय की. पळ, कोपऱ्यावरून एक किलो घेऊन ये. जाडं आण, बारीक चालत नाही." पोरगं पळत जातं, पिशवी घेऊन घामाघूम होऊन येतं आणि तोवर सगळी विंग तोंडाला रुमाल लावून बसलेली. मग आठवडाभर त्याचं नाव मीठवाला. संपलं. बहुतेक ठिकाणी एवढ्यावरच संपतं.

पण मी ज्यांच्या हाताखाली लाईट शिकलो त्या मामांचं वेगळं होतं. ते पण मीठ आणायलाच पाठवायचे. पण पोरगं परत आलं की त्याला खाली बसवायचे, चहावाल्याकडून एक काचेचा ग्लास पाण्यानं भरून मागवायचे, त्यात त्याच पिशवीतलं मूठभर मीठ टाकायचे आणि दोन चमचे उभे धरायचे, एक ह्या काठाला एक त्या काठाला. लाईटचा बोर्ड बंद, करंटचा संबंध नाही, नुसता ग्लास. "हा एक चमचा मेनकडनं आलेला, हा दिव्याकडं चाललेला. मधी पाणी. चमचे लांब हायत तवर करंटला जायला त्रास, दिवा मिणमिण. आता बघ," असं म्हणून चमचे हळूहळू जवळ आणायचे, "जवळ आले, दिवा चढला. हाच डिमर. मीठ कशाला? साधं पाणी आळशी असतंय, मीठ घातलं की करंट वाहतो." आणि मग शेवटचा प्रश्न, तो मात्र हसून नाही, डोळ्यात बघून, "आता सांग, दिवा चालू असताना ह्या पाण्यात बोट घातलं तर?" पोरगं म्हणायचं शॉक. "मग आजपासून ओल्या हातानं माझ्या बोर्डाला शिवायचं नाही."

आणि हे काही मामांच्या मनचं नव्हतं बरं का. मिठाच्या पाण्याचे डिमर खरोखर होते, मोठमोठ्या थेटरात होते. मातीच्या नाहीतर चिनीमातीच्या भांड्यात खारं पाणी, तळाला एक धातूची पट्टी घट्ट बसवलेली आणि दुसरी दोरीनं वरखाली होणारी, एवढंच मशीन. दिवा जितका वेळ अर्धवट चालू तितका वेळ पाणी तापणार, वाफ होणार, आटणार, परत ओतायचं, आणि ते पाणी म्हणजे उघडा करंट. पुढं तारेच्या गुंडाळ्यांचे डिमर आले, मग थायरिस्टर नावाच्या इलेक्ट्रॉनिक पार्टचे, आणि आता सगळीकडं पार म्हणतात ते एलईडीचे दिवे आणि त्यांना हुकूम सोडणारा डीएमएक्सचा बोर्ड. म्हणजे गंमत बघा, नव्या पोराला मीठ आणायला पाठवणाऱ्या दहापैकी नऊ जणांना हे माहीतच नसतं की त्यांचा जोक एके काळी खरा होता. काम विसरलं गेलं, टिंगल तेवढी टिकली. माझी तक्रार आहे ती हीच.

दुसरी फिरकी ब्लॅकआऊटच्या रोलची, आणि ती मला आजही आवडते. ब्लॅकआऊट म्हणजे दिवे घालवून स्टेजवर अंधार करणं, त्याचा रोल कुठनं येणार? पोराला सांगायचं की ब्लॅकआऊटचा रोल संपलाय, जरा साऊंडवाल्याकडनं आण. साऊंडवाला गंभीर चेहऱ्यानं सांगतो की माझ्याकडं होता पण मेकअपच्या दादांनी नेला. दादा म्हणतात बुकिंगच्या खिडकीवरच्या काकांना विचार. काका म्हणतात उद्या ज्यांचा प्रयोग आहे त्या ग्रुपच्या नेपथ्यवाल्याकडं बघ. म्हणजे स्पर्धेत एकमेकांचं तोंड न बघणारे दोन ग्रुप, पण ह्या एका बाबतीत त्यांची युती. मी तर एका पोराला उस्मानपुऱ्यातल्या एकनाथ रंगमंदिरापासून निराला बाजारातल्या तापडिया नाट्यगृहापर्यंत चालत पाठवलेलं बघितलंय. पण तासाभरानं ते पोरगं परत येतं तेव्हा त्याला बिल्डिंगमधला एकूण एक माणूस माहीत झालेला असतो आणि सगळ्यांना ते पोरगं. पुढच्या वेळी खरंच फ्यूज उडाला तर कुणाकडं पळायचं हे त्याला कळलेलं असतं. आपल्या थेटरात नव्या माणसाची ओळख करून द्यायची दुसरी कुठली पद्धत आहे सांगा? नाहीच. म्हणून ही असू द्या.

आता ज्या लोकांना सगळ्याच फिरक्या रॅगिंग वाटतात त्यांनी एकदा धुळवडीला आमच्या बीड जिल्ह्यातल्या विड्याला जाऊन यावं. केज तालुक्यातलं गाव. तिथं जावयाला गाढवावर बसवून, चपलांचा हार घालून, वाजतगाजत गावभर फिरवतात, कित्येक दशकांची परंपरा. धुळवड जवळ आली की गावातले जावई गायब व्हायला लागतात आणि गावकऱ्यांच्या टोळ्या त्यांना हुडकायला निघतात. एवढं सगळं करून शेवटी काय? तर नवे कपडे, आहेर, अंगठीसुद्धा. आता ह्यात हसू कशाचं आहे? गाढवाचं नाही. हसू ह्याचं आहे की वर्षभर ज्याला पाटावर बसवतात, ज्याच्यासमोर सासरा आवाज चढवत नाही, तो आज गाढवावर आहे. गावातल्या सगळ्यात गरीब, कुणी नसलेल्या माणसाला धरून गाढवावर बसवलं असतं तर ती परंपरा झाली नसती, तो अत्याचार झाला असता आणि आहेराचा तर प्रश्नच नव्हता.

हेच माप विंगेत लावून बघा. कधी कुणी दिग्दर्शकाला मीठ आणायला पाठवलंय? हिरोला ब्लॅकआऊटचा रोल शोधायला लावलंय? ज्याच्या वडिलांनी सेटचे पैसे दिलेत त्याच्या पोराची फिरकी घेतलीय? मी तरी बघितलं नाही. गाढवावर बसतो तो कायम डेकोरेटरकडून रोजावर आलेला पोरगा, नाहीतर तालुक्याहून शिकायला आलेला, खोली करून राहणारा, ज्याला नाटकाचं वेड आहे आणि शहरात ओळख कुणाची नाही. आणि शेवटी आहेर पण नाही. पत्रिकेत नाव नाही, प्रयोगानंतर सगळे कलाकार ओळीनं उभे राहून ओळख करून घेतात तेव्हा हा पोरगा मागं सेटचे खिळे उपटत असतो कारण रात्री बाराच्या आत टेम्पो भरून हॉल सोडायचा असतो. स्पर्धेत नेपथ्याला बक्षीस आहे, प्रकाशयोजनेला आहे, रंगभूषेला आहे, चांगलंच आहे. पण ते ज्यानं कागदावर आखलं त्याला. ज्यानं अख्खा प्रयोग वायरीवर उकिडवं बसून एकेक क्यू, म्हणजे ठरल्या क्षणी दिवा बदलायचा, तो मारला त्याच्यासाठी काही नाही. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही मंडळी संभाजीनगरहून जिगीषा ही नाट्यसंस्था घेऊन मुंबईला गेली हे आपण येणाऱ्या जाणाऱ्याला अभिमानानं सांगतो, सांगितलंच पाहिजे. पण त्याच दमात मराठवाड्यातल्या एका लाईटवाल्याचं, एका सुताराचं नाव सांगा म्हटलं तर किती जणांना जमेल?

आता जात आणि मुली ह्यावर पण बोललं पाहिजे, लोक टाळतात. नव्या पोराला गावाच्या नावानं हाक मारणं वेगळं आणि आडनाव विचारून घेऊन मग त्यावर कोट्या करत राहणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला आपल्या विंगेत राजरोस फिरकी म्हणतात. ती फिरकी नाही, काही बाबतीत तर १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते नीचच होतं. मुलींचं म्हणाल तर त्यांना अजून कपडेपट आणि रंगभूषा ह्याच्या पुढं येऊ देत नाहीत, एखादी शिडीवर चढली की खालून जे बोललं जातं ते मी इथं लिहू शकत नाही. आणि ती चिडली की म्हणायचं, तुला गंमत कळत नाही का. २०१३ च्या कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी स्थानिक समिती असायला पाहिजे, दहापेक्षा कमी माणसं काम करतात तिथल्या बाईलाही तिथं जाता येतं. किती नाट्य ग्रुपांनी आपल्या मुलींना हे सांगितलंय?

कायद्याचा विषय निघालाच आहे तर, महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे त्यात, नंतर २००९ मध्ये यूजीसीचे नियम आले. त्यामुळं विद्यापीठाच्या युवक महोत्सवात एकांकिका करणाऱ्या पोराला निदान कागदावर तरी संरक्षण आहे. पण हे सगळं विद्यार्थ्यापुरतं. डेकोरेटरकडनं चारशे पाचशे रुपये रोजावर आलेलं पोरगं विद्यार्थी नाही, त्याला ह्यातलं काही लागू नाही. शिडी तीच, सिनिअर तोच, एकाला हेल्पलाइन आहे आणि दुसऱ्याला शिव्या. म्हणून मला ते नुसतं "बंद करा" म्हणणाऱ्यांचं पूर्ण पटत नाही, त्यांच्या डोळ्यासमोर कायम कॉलेजचं पोरगं असतं.

बरं, आता प्रयोग चालू असतानाच्या मस्करीबद्दल. इथं माझं मत एकदम कडक आहे आणि माझ्याच मित्रांशी ह्यावरून भांडणं झालीत. शेवटच्या प्रयोगाला प्रॉपर्टीतल्या, म्हणजे नाटकात वापरायच्या सामानातल्या, बॅगेत विटा भरून ठेवायच्या, दारू म्हणून ठेवलेल्या कोऱ्या चहात मीठ घालायचं, नटानं वाचायच्या पत्रात भलतंच काहीतरी लिहून ठेवायचं, कोटाच्या बाह्या शिवून टाकायच्या, ह्या गोष्टी रंगवून रंगवून सांगितल्या जातात. एकदा अशीच विटांची बॅग आमच्या एका वयस्कर नटानं एका झटक्यात उचलायला घेतली, घरातून रागानं निघून जायचा सीन होता, आणि बॅग जागची हललीच नाही. प्रेक्षक हसले, विंगेत तर लोळले. ते मात्र कसेबसे बॅग ओढत एक्झिट झाले आणि विंगेत आल्यावर खुर्चीला धरून उभे राहिले, कंबर धरलेली. पुढचे कितीतरी दिवस पट्टा लावून फिरायचे. ज्यांनी विटा भरल्या त्यांनी नंतर माफी मागितली पण ती पण हसत हसत. आणि प्रेक्षकांचं काय? त्यांनी शंभर दोनशे मोजले ते बाप आणि मुलाचं भांडण बघायला, तुमच्या ग्रुपची अंतर्गत गंमत बघायला नाही.

अमेरिकेत १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम नावाचा तरुण नट एका टीव्ही मालिकेच्या सेटवर शूटिंग लांबलं म्हणून कंटाळून बसला होता. प्रॉपर्टीची बंदूक, त्यात गोळी नाही, नुसती ब्लँक, म्हणजे आवाजापुरती दारू. त्यानं मस्करीत ती कानशिलाला लावून चाप ओढला. ब्लँकच्या धक्क्यानंच कवटीचं हाड फुटून आत गेलं, सहा दिवसांनी गेला. आपल्याकडं टिकल्यांची बंदूक असते, फार तर एअरगन, एवढं होणार नाही असं म्हणाल. पण नाटकात खरी कोयती असते, खरा सुरा असतो, स्टोव्ह असतो, फाशीचा सीन असला तर खरा दोर असतो. प्रॉपर्टीच्या टेबलाला प्रॉपर्टीवाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही हा नियम जगभर आहे तो उगाच नाही. तीच गोष्ट लाईटची. हल्ली पोरांनी नवीन काढलंय, एलईडी पारच्या मागचा डीएमएक्स अॅड्रेस, म्हणजे बोर्डानं तो दिवा ओळखायचा नंबर, गुपचूप बदलून ठेवायचा, म्हणजे ऑपरेटर निळा मागतो आणि स्टेजवर पिवळं पडतं. ऑपरेटरची तारांबळ बघून हसायचं. हसताना एक लक्षात घ्या की अंधारात लेव्हलवरून, म्हणजे स्टेजवरच्या उंच चौथऱ्यावरून, उतरणारा नट त्याच निळ्या उजेडाच्या भरवशावर पाय टाकत असतो.

परंपरांचं पण असंच आहे, कुठली ठेवायची ते तिच्या मुळाशी काय आहे त्यावर ठरवावं. नटराजाची पूजा, नारळ, स्टेजला हात लावून कपाळाला लावणं, पहिली घंटा दुसरी घंटा आणि तिसऱ्या घंटेनंतर विंगेत एक अक्षर नाही, हे मला मनापासून आवडतं. तिसरी घंटा झाली की अजून पोटात गोळा येतो माझ्या. युरोपातल्या थेटरात म्हणे स्टेजवर शिट्टी वाजवत नाहीत, अपशकुन. त्याचं कारण असं सांगतात की पूर्वी वरचे पडदे आणि सेट दोरांनी खाली सोडायचा इशारा शिट्टीनंच व्हायचा, कुणी उगाच शिट्टी मारली तर अख्खं ओझं डोक्यात. म्हणजे अपशकुनाच्या आत सेफ्टीचा नियम लपलेला. आता आपली परंपरा बघा, स्टेजवर चप्पल नको, रंगदेवता आहे. नटांनी पाळावं, माझी काही हरकत नाही. पण आपण ती सेट लावणाऱ्या पोराला पण लावतो. फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंती, उभे करायलेत, त्यांना टेकू द्यायचे ब्रेस ठोकायलेत, खाली लाकडी बाटमांचे तुकडे, उलटे पडलेले खिळे, कुठं पाणी सांडलेलं, त्यात थ्री-फेजची केबल पसरलेली आणि पोरगं अनवाणी. दर स्पर्धेला कुणा ना कुणाच्या तळपायात खिळा जातोच, मग धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि त्यावर पण कोट्या की रंगदेवतेनं प्रसाद घेतला. मला सांगा, रंगदेवतेला हे चालत असेल? पूजा सेट पूर्ण लागल्यावर करा, स्टेज झाडून घ्या आणि तिथून पुढं चपला काढा. तोवर बूट. इतकं सोपं आहे पण कुणी सुचवलं की लगेच तोंड वाकडं, फार शहाणा झालास का म्हणून.

"आम्ही बी ह्यातूनच गेलो" म्हणणाऱ्यांना माझं उत्तर इथंच आहे. आपण गेलो म्हणजे आपण वाचलो, एवढंच. जे वाचले नाहीत ते चहा पीत किस्से सांगायला इथं नाहीत. आपल्याकडं तालुक्याच्या गॅदरिंगला अजून वायरीची दोन टोकं सोलून सॉकेटात खुपसतात आणि काडीपेटीच्या काड्यांनी आवळतात, अर्थिंग नावाला नसतं, आणि ते काम सगळ्यात नव्या पोराकडं असतं कारण सिनिअरला माहीत असतं की तिथं झटका बसू शकतो. हॉलच्या व्हरांड्यातल्या त्या लाल बादल्या बघा, आगीसाठी वाळू ठेवायच्या, त्यात अर्धी वाळू आणि अर्ध्या पुड्या, थोटकं, पिचकाऱ्या. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर बघितलं. नशीब आत प्रयोग नव्हता. शिकागोत १९०३ च्या डिसेंबरमध्ये इरोक्वॉय थेटरात प्रयोग चालू होता. आर्क लाईटची ठिणगी पडद्याला लागली, आग अडवणारा खास पडदा खाली सोडायला गेले तर तो मधेच अडकला, आणि ६०२ माणसं गेली. थेटर जेमतेम महिनाभरापूर्वी उघडलेलं आणि अग्निरोधक म्हणून जाहिरात केलेली. पडदा अडकला तर काय करायचं हे ज्याला माहीत पाहिजे तो माणूस बॅकस्टेजचाच असतो, आणि आपण त्याला काय शिकवलंय? मीठ आणायला.

मग करायचं काय. मला वाटतं ह्यातलं बरंच सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हातात आहे, कारण राज्य नाट्य तेच घेतात आणि हौशी ग्रुप त्यांचे नियम गुपचूप पाळतात, सेट किती वेळात लावायचा ते पाळतातच ना घड्याळ लावून. प्रत्येक केंद्रावर स्पर्धा सुरू व्हायच्या आधी दोन दिवस फक्त बॅकस्टेजच्या लोकांचं शिबिर ठेवा. वायर कशी जोडायची, शिडी कुणी धरायची, वर टांगलेल्या दिव्याला सेफ्टीची साखळी कशी घालायची, आग लागली तर ती विझवायच्या सिलिंडरची पिन कुठली ओढायची. शिकवायला माणसं बाहेरून आणायची गरज नाही, संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. तिथं प्रकाशयोजना शिकलेली पोरं बाहेर पडतात आणि कामं नाहीत म्हणून मुंबईची गाडी धरतात. दुसरं, प्रवेश अर्जातच बॅकस्टेजच्या प्रत्येकाचं नाव मागा, ऑपरेटर, सुतार, टेम्पोतून सामान उतरवणारा, सगळे, आणि प्रयोगाआधी सूत्रसंचालक जी नावं वाचतो त्यात ती वाचा. दोन मिनिटं जास्त लागतील. पाहुण्यांचे हार तुरे अर्धा तास चालतात तेव्हा कुणी घड्याळ बघत नाही.

लोक म्हणतील हौशी ग्रुपकडं पैसे कुठं असतात. नसतात, मान्य, पदरचे घालून नाटक करतात. पण ज्याला नाईट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, द्यायचीय ती आधी ठरवा आणि प्रयोगाच्या रात्रीच द्या, "बक्षीस लागलं की बघू" हे बंद करा. आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे, वर्षाला २० रुपये हप्ता, वय १८ ते ७०, बँकेत नाहीतर पोस्टात खातं असलं की झालं, अपघातात माणूस गेला तर घरच्यांना २ लाख. रंगीत तालमीच्या रात्री जी भेळ मागवतो त्याच्या एका प्लेटमध्ये एका माणसाचा वर्षाचा विमा होतो. हे फॉर्म भरून घेणं ग्रुपच्या व्यवस्थापकाचं काम, तालमीचं शेड्युल लावतो त्याच दिवशी. फॉर्म भरताना पोराचं आधार कार्ड बघावंच लागेल आणि तेव्हा कळेल की शिडीवर चढवतोय ते सोळा वर्षांचं आहे. त्याला वरून खाली उतरवा, बोर्डाशेजारी बसवा, क्यू शीट लिहायला द्या, पाहिजे तर मीठ आणायला पाठवा. शिडीवर नाही.